दहा शेअरांची मालकीण

९ जानेवारी

बटण,

आशीर्वाद घे आणि आधी नीट बस, पत्र लांब आहे. फोन का नाही केला, असं विचारू नकोस. फोनवर तू भरभर बोलतेस, माझा डावा कान कामातून गेलेला, मी नुसतं हो-हो म्हणते आणि फोन ठेवला की डोक्यात काही उरत नाही. कागदावरचं परत परत वाचता येतं.

विषय असा. परवा एका बाईच्या कोटाची चेन बदलत होते. जुना रनर काढला, सवयीने उलटा करून पाहिला, तर मागे तुमच्या कंपनीची खूण. दुकान टाकल्यापासून बत्तीस वर्षं ही खूण पाहते आहे. दादा समोर पेपर वाचत बसला होता. त्याला म्हटलं, बघ, तुझ्या लेकीच्या कंपनीचा माल. तर तो पेपरातून मान वर न काढता म्हणाला, या कंपनीचे शेअर मिळतात, कोणीही घेऊ शकतं. कोणीही म्हणजे कोण, असं विचारलं तर म्हणे, तूसुद्धा.

माझा हात तिथेच थांबला. जी खूण मी अर्धा जन्म उलटी करून वाचली, ती कंपनी थोडीथोडी विकत मिळते आणि मला कोणी सांगू नये? दादाला पुढचं विचारलं, पण त्याची गाडी तिथेच अडली. तेव्हा तू सांग. शेअर घेतला म्हणजे मी नक्की काय घेतलं? यंत्राचा एखादा स्क्रू? भाव कोण ठरवतं? आणि लोक यात बुडतात कसे, कारण चेन तर सगळेच लावतात.

तू पगार खात्यात बसतेस, शनिवारचा तो गुंतवणुकीचा वर्गही केलास, तिथल्या सगळ्यांना शहाणपण शिकवतेस म्हणे. आता आत्याला शिकव. नवं मशीन घ्यायला थोडे पैसे बाजूला ठेवलेत, तेच वापरीन. जुनं मशीन अजून दोन वर्षं ओढेल.

दादा बरा आहे. तू घर घेऊन त्याला बोलावशील याची वाट बघतो आणि बघत नाही असं दाखवतो.

तुझी आत्या


२१ जानेवारी

आत्या,

तुझं पत्र जेवणाच्या सुट्टीत वाचलं आणि इतकी हसले की शेजारच्या टेबलावरच्यांनी काय झालं म्हणून विचारलं. मला इथे कोणी बटण म्हणत नाही हे लक्षात ठेव. पाकिटावर तरी लिहू नकोस.

आता शीक. समज, तुझ्या दुकानाचे शंभर सारखे भाग केले आणि एक मला विकलास. म्हणून मला तुझ्या मशीनचा स्क्रू काढून नेता येणार नाही. पण भाडं, वीज, दोरा, सगळ्यांची देणी भागवून जे उरेल त्यात शंभरातला एक वाटा माझा. काही उरलं नाही तर माझाही वाटा शून्य. शेअर म्हणजे एवढंच. आणि वर्षातून एकदा सभा असते, तिथे मालक म्हणून उभं राहून प्रश्न विचारता येतो. कोणी विचारत नाही, सगळे चहाबिस्किटं खाऊन घरी जातात.

भाव कोणी ठरवत नाही. एकाला विकायचं असतं, एकाला घ्यायचं असतं, दोघांचं जमेल तो आकडा. म्हणून तो रोज हलतो. दुकान तेच असतं, गिऱ्हाईकांचा मूड बदलतो. लोक बुडतात ते बहुतेक वेळा मूड विकत घेतात म्हणून.

मशीनच्या पैशांना हात लावायचा नाही. उद्या मशीन बंद पडलं आणि नेमका त्याच आठवड्यात भाव पडलेला असला, तर नाक मुठीत धरून नुकसानीत विकावं लागेल. पाच वर्षं लागणार नाहीत असेच पैसे घे, आणि थोडेच.

सोबत आमच्या कंपनीचा वार्षिक अहवाल पाठवते. माल तुझ्या ओळखीचा आहे, म्हणून शिकायला बरा. शेवटाकडून वाच, आकडे तिकडे असतात. एक मात्र आधीच सांगते. कंपनीच्या आतलं मला जे कळतं ते मी तुला लिहिणार नाही. कायद्याने चालत नाही. छापून सगळ्यांना दिलेलं तेवढंच आपल्या दोघींचं.

बाबांना सांग, एवढं वर्ष. तीन खोल्या, त्यांच्या खोलीला पूर्वेची खिडकी. पैसे जवळजवळ जमलेत.

तुझी भाची


१८ फेब्रुवारी

बटण,

अहवाल वाचला. पुढची वीस पानं नुसत्या हसणाऱ्या माणसांची, बरं झालं मागून वाच म्हणालीस. चष्मा, पट्टी आणि पेन्सिल घेऊन रोज दोन पानं केली. निम्मं डोक्यावरून गेलं. पण एका ओळीपाशी अडकले आहे.

तिथे लिहिलंय, तयार माल, वर्षाअखेरीस पडून असलेला. शेजारीच मागच्या वर्षीचा आकडा. मी बोटाने दोनदा मोजलं, एका वर्षात दीडपट झालाय. आता माझ्या दुकानात मागे एक दांडी आहे, तुला माहीत आहे, लहानपणी तिच्याखाली लपायचीस. शिवून तयार कपडे तिथे टांगते. ती भरली की मला घाम फुटतो, कारण माझी मेहनत झाली, दोरा गेला, आणि न्यायला कोणी आलेलं नाही. तुमची दांडी दीडपट भरली आणि तुमचे साहेब चौथ्या पानावर दात दाखवतायत. हे कसं काय, ते समजाव.

दुसरं म्हणजे मी तुझं ऐकलं नाही. बँकेत गेले, तिथल्या बाईंनी शेअरचं खातं उघडून दिलं, आणि मी तुमचे दहा शेअर घेतले. चारशे बाराला एक. मशीनच्या पैशांना हात लावला नाही हो, थंडीत नवा कोट घ्यायचा होता त्याचे होते. कोट जुनाच घातला.

दुसऱ्या दिवशी भाव चारशे तीन. मग काय विचारतेस, जीव टांगणीला. बँकेतल्या बाईंनी मोबाइलवर बघायला शिकवलं होतं, ते मी दिवसात सात वेळा पाहिलं. त्या नादात एका मास्तरांच्या पँटचा एक पाय बोटभर आखूड केला. ते पँट घालून आरशासमोर उभे राहिले आणि एकदा या पायाकडे, एकदा त्या पायाकडे बघत राहिले. दहा शेअरांवर त्या दिवशी जेवढं बुडालं त्याच्या तिप्पट कापडाचे भरून दिले.

आणि हो, तू स्वतः कुठे ठेवतेस पैसे? गुरू काय करतो हे चेल्याला कळायला हवं.

तुझी आत्या


४ मार्च

आत्या,

मास्तरांची पँट ऐकून बाबांना ठसका लागला असेल. आता तरी आठवड्यातून एकदाच भाव बघ. तुझ्या दुकानाची किंमत तू रोज सकाळी दारात उभी राहून कोणाला विचारत नाहीस.

दांडीबद्दल. चांगला प्रश्न आहे, पण उत्तर अहवालातच आहे, सदतिसावं पान. पुढच्या वर्षी मोठी मागणी येणार म्हणून माल आधीच करून ठेवलाय.

आता पुढचा धडा. भाव चारशे म्हणजे महाग की स्वस्त, हे नुसत्या चारशेवरून कळत नाही. एका शेअरमागे कंपनीने वर्षात किती कमावलं ते बघायचं. आमचे वीस. म्हणजे एवढीच कमाई होत राहिली तर तुझे पैसे कमाईतून फिटायला वीस वर्षं. लोक इतकी वाट बघायला तयार होतात, कारण कमाई वाढेल असं त्यांना वाटतं. ती वाढली नाही तर भाव खाली. नफ्याच्या शेजारी रोख किती आली तेही बघ. कपडा गिऱ्हाइकाने नेला की वहीत नफा दिसतो, पण पैसे पुढच्या महिन्यात देते म्हणाली तर गल्ल्यात काही नाही.

आणि एकच कंपनी घेऊन बसू नकोस. पुढच्या वेळी दुसऱ्या धंद्यातली घे, ज्याचा चेनशी संबंध नाही. सगळं एका ठिकाणी ठेवलं की त्या एका ठिकाणचं दुखणं आपल्या सगळ्या अंगात भरतं.

माझं विचारलंस. माझी गोष्ट वेगळी आहे. आम्हा कर्मचाऱ्यांना कंपनीचे शेअर सवलतीत मिळतात, पगारातूनच कापून. आठ वर्षं मी एकही महिना चुकवला नाही. घराचे सगळे पैसे तिथेच आहेत आणि छान वाढलेत. दर महिन्याला सगळ्यांच्या पगारातून ती रक्कम मीच वळती करते, त्यात माझं नाव आलं की अजूनही बरं वाटतं.

तुझी भाची


१९ मार्च

बटण,

तुझं पत्र चार वेळा वाचलं.

वरच्या अर्ध्या पानात लिहिलंस, सगळं एका ठिकाणी ठेवू नकोस. खालच्या अर्ध्यात लिहिलंस, माझं सगळं एका ठिकाणी आहे. मध्ये फक्त "माझी गोष्ट वेगळी आहे". कशी वेगळी, ते सांगितलंच नाहीस. मला तर उलटी दिसते. माझे दहा शेअर बुडाले तर मी जुना कोट आणखी एक वर्ष घालीन. तुझा पगार त्या कंपनीचा, आठ वर्षांची बचत त्या कंपनीत, दादाची पूर्वेची खिडकीही तिथेच. तिला ताप आला तर तुझं काय काय आजारी पडेल, एकदा मोजून बघ.

आणि ताप आहे असं मला वाटतं. ऐक. बदललेल्या चेनचा रनर मी टाकत नाही, खिडकीतल्या काचेच्या बरणीत टाकते. एखादा पुन्हा कामाला येतो. बरणी भरायला नेहमी वर्ष लागायचं. ही बरणी नोव्हेंबरात रिकामी केली होती, आज गळ्यापर्यंत आली आहे. टेबलावर ओतून पाहिली, बहुतेक सगळ्यांवर तुमची खूण.

मी शिकाऊ आहे, मला अहवालातलं काय कळतंय. पण चेन कळते. रागावू नकोस.

तुझी आत्या


२ एप्रिल

आत्या,

रागावले नाही. पण एक विचारते. तू वर्षाला किती चेन बघतेस, पाचशे? आम्ही दिवसाला लाखांनी करतो. तीन वर्षांत आमचा माल दीडपट विकला गेला. जास्त विकल्या तर जास्त तुटणार, आणि तुझ्याकडे तर तुटलेल्याच येतात. चालणाऱ्या चेन घेऊन तुझ्याकडे कोण येतं? वर्गात याला अपुऱ्या माहितीवरून काढलेला निष्कर्ष म्हणतात.

भाव आज चारशे साठ आहे.

आणखी एक. मी इथे लागले तेव्हा आई जाऊन दोन महिने झाले होते. मी काम कमी आणि रडायचे जास्त. या लोकांनी मला सांभाळून घेतलं, एका शब्दाने बोलले नाहीत. तू एक बरणी पुढे करून त्यांच्यावर संशय घेतेस, हे मला आवडलं नाही. मी विकणार नाही. हा विषय आता नको.

बाबांना त्यांची औषधं वेळेवर घ्यायला सांग.

तुझी भाची


६ जून

बटण,

दोन महिने तुझं पत्र नाही. दादाला फोन करतेस, माझं नाव निघालं की आत्या दुकानात असेल म्हणून ठेवून देतेस. दुकान त्याच्या खुर्चीपासून चार पावलांवर आहे. तोंड फुगवायला तू तुझ्या आईवर गेली आहेस, आणि ती मला फार आवडायची.

विषय नको म्हणालीस, म्हणून मत लिहीत नाही. तुझा मुद्दा बरोबर होता आणि मी तोंडावर आपटले, एवढं कबूल करून ठेवते. माझ्याकडे तुटलेल्याच येतात, खरं आहे. म्हणून मी विचारायला लागले. चेन बदलायला कोणीही आलं की विचारायचं, कपडा कधी घेतला? दोन महिन्यांत एकसष्ट आल्या. सतरा दुसऱ्या कंपन्यांच्या, त्या सगळ्या जुन्या, दात झिजलेले, आयुष्य भोगून आलेल्या. तुमच्या चव्वेचाळीस. त्यातल्या एकोणतीस वर्षाच्या आतल्या. एका जाकिटाला तर किमतीच्या चिठ्ठीचा दोरा तसाच होता.

मग शेजारच्या सोनाराकडे गेले. तुमचे जुने वीस रनर आणि नवे वीस रनर त्याच्या काट्यावर ठेवले. नवे पाचव्या हिश्शाने हलके भरले. सोनार म्हणाला, बाई, हे सोनं असतं तर मी पोलीस बोलावले असते.

हे आकडे आहेत, निष्कर्ष नाही. निष्कर्ष काढायचं मला अजून शिकवलेलं नाही.

आता बातमी. मला छापील आमंत्रण आलंय, तुमच्या वार्षिक सभेचं. वर "माननीय भागधारक" असं लिहिलंय. दादाने दोनदा मोठ्याने वाचून दाखवलं. मी येणार आहे. तुझ्याकडे उतरणार नाही, सकाळच्या गाडीने येऊन संध्याकाळच्या गाडीने परत. तू मला ओळख दाखवू नकोस, तुझ्या नोकरीला त्रास नको.

तुझी आत्या


२७ जून

आत्या,

परवा स्टेशनवर तुला सोडून आले तेव्हा नीट बोलता आलं नाही, म्हणून लिहिते.

आम्हा पगार खात्यातल्यांना सभेत मागच्या रांगेत बसवतात, खुर्च्या भरलेल्या दिसाव्यात म्हणून. तू चौथ्या रांगेत होतीस, मांडीवर कापडी पिशवी. प्रश्न विचारायची वेळ आली तेव्हा सगळे चहाच्या दिशेने बघत होते. तू हात वर केलास. पिशवीतून बरणी काढून तू खुर्चीवर ठेवलीस, तिचा आवाज झाला तेव्हा काहीजण हसले.

तू विचारलंस, रनरचा धातू आणि चेनची पट्टी कधी बदलली, आणि का. अध्यक्ष गोड हसून म्हणाले, बाई, तक्रारींसाठी वेगळा विभाग आहे. तेव्हा तू म्हणालीस, "तक्रार नाही. मी इथली दहा शेअरांची मालकीण आहे. मालकिणीला विचारायचं असतं तेच विचारते." मग तू एकसष्ट, चव्वेचाळीस, एकोणतीस असे आकडे सांगितलेस, रनरचं वजनही सांगितलंस.

पहिल्या रांगेतल्या त्या म्हाताऱ्या गृहस्थांनी लगेच अहवाल उघडून विचारलं की तयार मालाचा आकडा फुगलाय तो याचमुळे का. मग अध्यक्षांना सांगावंच लागलं. खर्च वाचवायला दोन वर्षांपूर्वी रनर हलका केला. दोन मोठ्या कपडे कंपन्यांनी माल परत पाठवला. दुसरी पाळी फेब्रुवारीपासून बंद आहे. हे सगळं तात्पुरतं आहे, असं ते तीनदा म्हणाले.

आता सगळ्यांसमोर बोललं गेलंय म्हणून लिहिते. ओव्हरटाइमचा रकाना मीच भरते. फेब्रुवारीपासून तो रिकामा होता. मी दर महिन्याला तो रिकामा रकाना पाहिला आणि पुढच्या नावावर गेले. तुला सांगणं चूक झालं असतं, पण स्वतःलाही सांगितलं नाही. तुझ्या बरणीचा इतका राग का आला, ते मला आता कळतं.

आणि नंतर स्टेशनच्या उपाहारगृहात तू चहा घेतलास, टेबलं किती स्वच्छ ठेवलीत म्हणालीस, पण "बघ, मी म्हटलं होतं" असं एकदाही म्हणाली नाहीस. म्हणाली असतीस तर मी पुन्हा भांडले असते.

भाव सभेनंतर चारशे चाळीसवरून तीनशे सत्तरवर आलाय. नियमाने ऑगस्टमध्ये तिमाहीचे आकडे जाहीर होईपर्यंत आम्हाला विकता येत नाही. आणि खरं सांगू, तेव्हा तरी विकेन का, तेही कळत नाही. चारशे साठला गेलेला भाव डोळ्यांपुढून हलत नाही. परत तिथे पोचला की विकू, असं वाटतं.

तुझी भाची


५ जुलै

बटण,

विक म्हणणार नाही, ठेव म्हणणार नाही. पैसे तुझे आहेत आणि आठ वर्षं पोटाला चिमटा तू काढलास.

एक प्रश्न मात्र आहे, तो परवा पँट उसवताना सुचला. समज, आज तुझ्याकडे एकही शेअर नाही आणि तेवढेच पैसे रोख तुझ्या हातात आहेत. घराचे पैसे. तर तू आज बाजारात जाऊन त्या सगळ्याचे याच कंपनीचे शेअर घेशील का? चारशे साठ विसर. माझ्या मास्तरांनी पँट लांब होती तेव्हाची आठवण काढली म्हणून ती पुन्हा लांब होणार नव्हती.

आणि कापड बेतताना मी शिवणीत दोन बोटं माया सोडते, हे तू पाहिलं आहेस. माणूस जाड होईल म्हणून नाही, माझं माप चुकलं असेल म्हणून. तू तुझ्या बेतात माया किती सोडली होतीस?

उत्तर मला नको. स्वतःला दे.

तुझी आत्या


१४ सप्टेंबर

आत्या,

उत्तर तुलाही देते. नाही, घेतले नसते. एकही नाही.

आकडे जाहीर झाले, मुभा मिळाली त्याच दिवशी सगळे विकले. तीनशे अठराला. दुसऱ्या आठवड्यात भाव साडेतीनशे झाला. त्या आठवड्यात मी जेवले नाही म्हटलं तरी चालेल. खात्यातला एकजण रोज माझ्या टेबलापाशी येऊन आजचा भाव सांगायचा, मुद्दाम. मी तुझे मास्तर आठवून गप्प बसायची. आज भाव एकशे नव्वद आहे. तो आता येत नाही. त्याने विकले नव्हते, आणि मला त्याचा आनंद होत नाही.

दुसरी बातमी. पगार खातं अर्धं केलं. कमी करायच्या नावांची यादी माझ्याकडेच आली, शेवटचा पगार काढायला. अकरावं नाव माझं होतं. मी ते दोनदा तपासलं, आकडा बरोबर आहे का म्हणून, आणि सही केली. मग बाथरूममध्ये जाऊन रडले. पण रडतानाही एक गोष्ट डोक्यात पक्की होती, की नोकरी गेली आहे, घर गेलेलं नाही. जीव भांड्यात पडणं आणि जीव तुटणं एकाच वेळी होतं, हे मला माहीत नव्हतं.

पुढच्या महिन्यापासून एका दवाखान्याच्या पगार कचेरीत लागते आहे. पगार थोडा कमी. घर ठरवलंय. तीन खोल्या परवडल्या नाहीत, दोन आहेत. पूर्वेची खिडकी आहे. ती बाबांची.

उरलेल्यातून थोडे पैसे मी तीन वेगळ्या धंद्यांत घातले आहेत, फारच थोडे. बाकी बँकेत साधे पडून. माया.

तुझे दहा शेअर विकलेस की नाही? एकशे नव्वद म्हणजे निम्म्याहून जास्त गेले.

तुझी भाची


१६ ऑक्टोबर

बटण,

पडदे शिवून दादाबरोबर पाठवते. पूर्वेच्या खिडकीचे दुहेरी कापडाचे आहेत, त्याला सकाळी उजेड डोळ्यांवर आलेला चालत नाही. तुला सांगणार नाही तो, म्हणून मी सांगते. चहा पहिला बिनसाखरेचा, दुसरा साखरेचा. पेपर आधी त्यालाच वाचू द्यायचा.

त्याने पिशवी भरून आठ दिवस झाले. रोज उघडतो, एक वस्तू काढतो, परत ठेवतो. काल म्हणाला, तू एकटी पडशील. मी म्हटलं, मला मशीनचा आवाज पुरतो. पण तुला खोटं लिहीत नाही, कारण आपण छापलेलं आणि खरं तेवढंच लिहायचं ठरवलं होतं. ती बरणी घेऊन निघाले तेव्हाच मला माहीत होतं, की तुझं घर वाचलं तर दादा जाणार. सहा वर्षं तो त्या खुर्चीवर बसला आहे. ती खुर्ची रिकामी बघायची माझी मुळीच इच्छा नाही. तरीही पुन्हा वेळ आली तर पुन्हा बरणी घेऊन निघेन, आणि या वेळी मोठी बरणी नेईन.

आता माझे दहा शेअर. विकले नाहीत, विकणारही नाही. तू म्हणशील, आत्या, इतकं शिकवून पालथ्या घड्यावर पाणी. तसं नाही. तुला विचारलेला प्रश्न मी मलाही विचारला. आज रोख हातात असते तर हे दहा घेतले असते का? घेतले असते. कमाईसाठी नाही. या दहांमुळे मला दर वर्षी छापील आमंत्रण येतं, सभा तुमच्या गावात असते, आणि मला गाडीत बसायला कारण मिळतं. नुसतं भेटायला येते म्हटलं तर मला दुकान बंद करवत नाही, माझा स्वभाव तुला ठाऊक आहे. मालकीण म्हणून गेलं पाहिजे म्हटलं की करवतं.

तेव्हा माझ्यासाठी एक काम कर. दादाच्या नावाने त्या कंपनीचा एक शेअर घे, एकच. म्हणजे त्यालाही आत सोडतील आणि आम्ही दोघं शेजारी बसू. नव्या रनरबद्दल मी प्रश्न तयार ठेवलाय. तो चहाबिस्किटांचं बघेल.

आणि कंपनी पुढच्या जूनपर्यंत तरी तग धरेल ना, ते अहवालात बघून कळव. सदतिसाव्या पानावर विश्वास ठेवू नकोस, मागून बघ.

तुझी आत्या